समाजकार्य विषयातील पीएच.डी. प्रवेश : पात्रता, प्रक्रिया आणि संशोधन आराखडा

प्रस्तावना :

भारतात समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाचा प्रारंभ १९३६ मध्ये मुंबई येथे सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या संस्थेच्या स्थापनेने झाला. हीच संस्था पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपास आली. त्यानंतर मुंबईतील निर्मला निकेतन, पुण्यातील कर्वे समाजसेवा संस्था अशा संस्थांनी महाराष्ट्रात या शिक्षणाचा विस्तार केला. या शिक्षणाचा कणा क्षेत्रकार्य हा आहे. पीएच.डी. संशोधनाचा हेतू मात्र सेवा देणे हा नसून नवे ज्ञान निर्माण करणे हा असतो. या दोहोंमधील दुवा म्हणून एम.फिल. अभ्यासक्रमाकडे पाहिले जात असे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीने तो बंद केला. परिणामी एम.एस.डब्ल्यू. झालेला उमेदवार आता थेट पीएच.डी.च्या दारात उभा राहतो. म्हणूनच ही प्रवेशप्रक्रिया आणि तिच्यासाठी आवश्यक असलेली वैचारिक तयारी स्पष्ट करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

पात्रता व कालमर्यादा :

दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांसह उत्तीर्ण झालेला उमेदवार पात्र ठरतो. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट प्रवेश हवा असल्यास ७५ टक्के गुणांची अट आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग (नॉन क्रीमी लेअर), दिव्यांग तसेच आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना ५ टक्के सवलत मिळते. पूर्वी प्राप्त केलेली एम.फिल. पदवी अवैध ठरत नाही.

संशोधनाचा कालावधी किमान तीन व कमाल सहा वर्षांचा असून पुनर्नोंदणीद्वारे तो आठ वर्षांपर्यंत वाढविता येतो. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांसाठी ही मर्यादा दहा वर्षांची आहे. महिला संशोधकांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजेचीही तरतूद आहे.

सेवेत असलेल्या अध्यापकास अंशकालीन पीएच.डी. करता येते. त्यासाठी नियोक्त्याचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. उमेदवारास संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केले जाईल, असा निर्वाळा त्यात अपेक्षित असतो. त्यामुळे अर्जाच्या अंतिम दिनांकापूर्वी पुरेसे आधी संस्थाचालकांशी बोलणे हिताचे ठरते.

निवडप्रक्रिया :

विद्यापीठाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असल्यास तीत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर व निम्मे विषयज्ञानावर असतात. परीक्षेला ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भारांश दिला जातो. जून २०२४ पासून नेट परीक्षेचे गुणही पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरले जातात. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीस पात्र ठरलेल्यांची निवड मुलाखतीद्वारे होते. अन्य पात्र उमेदवारांसाठी ७०:३० हेच सूत्र असून प्रवेशापुरते त्यांचे गुण एक वर्ष ग्राह्य राहतात. समाजकार्य हा नेटमधील स्वतंत्र विषय आहे. कोणते विद्यापीठ कोणता मार्ग स्वीकारते, हे त्याच्या प्रवेशसूचनेवरूनच निश्चित होते.

अर्थसाहाय्याचा विचारही आधीच करावा. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा व कुणबी समाजांसाठी सारथी आणि इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या राज्यातील संस्था संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात.

मार्गदर्शकाची उपलब्धता :

प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि सहायक प्राध्यापकास चार संशोधकांना मार्गदर्शन करता येते. मार्गदर्शक हा पूर्णवेळ नियमित अध्यापक असावा लागतो. निवृत्तीस तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकास नवे संशोधक स्वीकारता येत नाहीत. साहजिकच जेथे नियमित पदे रिक्त आहेत, तेथे पात्र उमेदवार असूनही जागा उरत नाहीत. उमेदवाराने मार्गदर्शकाचे नाव पाहण्याबरोबरच त्याचे लेखन वाचून आपल्या विषयाशी त्याचा मेळ बसतो का, हे पारखावे.

संशोधन आराखडा :

मुलाखतीत आराखड्याची खरी कसोटी लागते. समाजकार्याच्या उमेदवारांचे आराखडे बहुधा कळकळीने लिहिलेले असतात. तथापि त्यांत संशोधनप्रश्न आढळत नाही. ‘ऊसतोड महिला कामगारांच्या समस्या’ हे शीर्षक एक क्षेत्र सांगते, प्रश्न सांगत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर चर्चेत आला. त्याच्या आधारे ‘मुकादमाकडून घेतलेली उचल आणि कामावरील खाड्यासाठी होणारी कपात यांचा महिलांच्या उपचारविषयक निर्णयावर कसा परिणाम होतो?’ असा प्रश्न मांडल्यास अभ्यासाला दिशा लाभते. कोणाच्या मुलाखती घ्यावयाच्या, हंगामात की हंगामानंतर, गावी की फडावर, हे त्यातून आपोआप ठरू लागते.

दुसरा मुद्दा नैतिकतेचा आहे. समाजकार्यकर्ता ज्या संस्थेत काम करतो, तेथील लाभार्थीच पुष्कळदा नमुना म्हणून निवडले जातात. मदत थांबेल या भीतीने दिलेला होकार ही खरी संमती नव्हे. नकार देणाऱ्याच्या सेवेत खंड पडणार नाही याची हमी कशी देणार, हे आराखड्यात लिहिलेले असावे. प्रवेशानंतर १२ ते १६ श्रेयांकांच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन व प्रकाशन नैतिकता हा विषय शिकविला जातो. परंतु हा विचार त्याआधीच सुरू व्हावयास हवा.

समारोप :

१ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक पदाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट वा स्लेट ही किमान अर्हता असून पीएच.डी. ऐच्छिक आहे. सहयोगी प्राध्यापक पदासाठी मात्र २०१८ च्या नियमावलीने पीएच.डी.ची अट घातली. पदोन्नतीच्या निकडीतून घाईने निवडलेला विषय सहा वर्षे पेलवत नाही आणि ज्यांच्या जीवनाविषयी संशोधन होते, त्यांच्याही हाती काही पडत नाही. एम.फिल.ने जी पूर्वतयारी करून घेतली, ती आता एम.एस.डब्ल्यू.च्या लघुप्रबंधातूनच व्हावी लागेल. विद्यार्थ्याला विषय नेमून देण्याऐवजी प्रश्न विचारावयास शिकविणे ही या संदर्भात अध्यापकांची प्रमुख जबाबदारी ठरते.