घोट्याची वेदना आणि भौतिकोपचार

जिन्याची शेवटची पायरी चुकते, खड्ड्यात पाऊल पडते, कबड्डीच्या मैदानावर चढाई करताना पाय अडकतो आणि घोटा मुरगळतो. सूज येते, कातडी काळीनिळी पडते. क्ष-किरण चित्रात अस्थिभंग आढळत नाही, आणि ‘हाड मोडलेले नाही’ एवढ्या आश्वासनावर रुग्ण घरी परततो. दोन-तीन आठवड्यांत सूज ओसरते. पुढे काही महिन्यांनी, साध्या सपाट रस्त्यावर, तोच पाय पुन्हा दगा देतो. पहिल्या दुखापतीचे कारण उघड असते. दुसरी आणि तिसरी का घडते, हा या विषयातील खरा प्रश्न होय.

त्यासाठी सांध्याची घडण प्रथम पाहिली पाहिजे. नडगीचे हाड व त्याच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड यांच्या खालच्या टोकांनी एक खोबण तयार होते. तीत टॅलस हे पावलातील सर्वांत वरचे हाड बसते. या हाडाला एकही स्नायू चिकटलेला नाही. त्याचे स्थैर्य अस्थिबंधांवर आणि शेजारच्या हाडांच्या आकारावर अवलंबून असते. त्याचा वरचा पृष्ठभाग पुढे रुंद व मागे अरुंद आहे. पाऊल वर उचललेले असता रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. चवडा खाली झुकला की अरुंद भाग पुढे येतो आणि सांधा सैल पडतो. पायरी उतरताना अथवा उडी मारून जमिनीवर येताना नेमकी हीच स्थिती असते. अशा वेळी पाऊल आत मुडपले, तर बाहेरच्या बाजूच्या तीन अस्थिबंधांपैकी सर्वांत पुढचा, जो सर्वांत दुबळाही आहे, तो प्रथम फाटतो. आतल्या बाजूचा त्रिकोणी अस्थिबंध पुष्कळच बळकट असल्याने क्वचित दुखावतो.

घोट्याची प्रत्येक वेदना मुरगळण्यातून उद्भवते असे मात्र नाही. टाचेच्या वर, मागच्या बाजूस दुखत असेल तर पोटरीच्या कंडरेचा विकार संभवतो. आतल्या बाजूची वेदना पावलाची कमान खचत असल्याची खूण असू शकते. वातरक्त आणि संधिवात हेही विचारात घ्यावे लागतात. गुडघ्याच्या तुलनेत घोट्याची झीज वयोमानाने कमी व पूर्वीच्या दुखापतीमुळे अधिक होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. अस्थिभंगाची शंका केव्हा घ्यावी, यासाठी कॅनडातील इयन स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडलेले ओटावा नियम उपयुक्त ठरले आहेत. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांचे टोक किंवा मागच्या कडेचा खालचा ६ सेंटिमीटर भाग दाबल्यास हाड दुखत असेल, अथवा रुग्णास चार पावलेही टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र काढावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९६५ साली ब्रिटनमध्ये मायकेल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले की, अस्थिबंध फाटताना त्यातील संवेदक मज्जातंतूही तुटतात. त्यामुळे पाऊल कोणत्या स्थितीत आहे याचे ज्ञान मंदावते आणि स्नायू वेळेवर सावरत नाहीत. दुखावलेल्या एका पायावर तोल सांभाळणे रुग्णास कठीण जाते, हे त्यांनी दाखविले. डुगडुगत्या फळीवर उभे राहण्याच्या व्यायामाने हा दोष कमी होतो, हेही त्यांच्या अभ्यासात दिसले. पुढे या उपपत्तीस आक्षेप आले. १९९३ मध्ये कोनराडसेन व सहकाऱ्यांनी अस्थिबंधांतील संवेदना भूल देऊन बंद केली, तरी पाऊल स्वतः हलविताना होणारे स्थितिज्ञान टिकून राहिले. स्नायू व कंडरा यांतील संवेदक ते काम करीत असावेत. म्हणजे स्पष्टीकरण डळमळले, पण उपचार टिकला. वैद्यकात असे पुष्कळदा घडते. पाऊल एकदा मुडपू लागले की स्नायू पुरेसे बळ लावीपर्यंत उशीर झालेला असतो; म्हणून जमिनीवर टेकण्यापूर्वीच ते योग्य कोनात ठेवण्याची सवय मेंदूस पुन्हा लावावी लागते, असा आजचा विचार आहे.

या विचाराची कसोटी नेदरलँड्समध्ये लागली. तेथे ५२२ खेळाडूंवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निम्म्या खेळाडूंस नेहमीच्या उपचारांखेरीज आठ आठवडे घरच्या घरी तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले. वर्षभरात त्यांच्यापैकी २२ टक्के खेळाडूंचा घोटा पुन्हा मुरगळला; उरलेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होते. देखरेख नसताना एवढा फरक पडावा, ही गोष्ट लहान नव्हे.

प्रत्यक्ष उपचारांचा क्रम यावरून ठरतो. पहिल्या काही दिवसांत पट्टी बांधून दाब देणे, पाय उंच ठेवणे आणि आधार घेऊन झेपेल तितके चालणे एवढे पुरते. जोराने चोळून ‘लचक काढण्याचा’ घरगुती उपाय या काळात टाळावा. ताज्या जखमेत त्याने रक्तस्राव वाढू शकतो. हळदीच्या लेपाला कोणाची हरकत नसावी. बहुतेकांना दीर्घकाळ प्लास्टर लागत नाही. तीव्र दुखापतीत मात्र सुमारे दहा दिवसांचे प्लास्टर साध्या नळीसारख्या पट्टीपेक्षा लवकर आराम देते, असे २००९ मधील ब्रिटिश चाचणीत दिसून आले. त्यानंतर पाऊल वर उचलण्याची हालचाल परत मिळविणे हे पहिले काम. आपल्याकडे रुग्ण उकिडवा बसू लागला की ती किती उणी आहे हे ताबडतोब कळते. टाच उचलली जाते अथवा तोल मागे जातो. मग नडगीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू व पोटरी यांचे बळ, एका पायावर उभे राहणे, तेच डोळे मिटून, त्यानंतर डुगडुगती फळी आणि शेवटी उड्या व दिशा बदलून धावणे.

अनेक ठिकाणी अजूनही रुग्णास अल्ट्रासाउंड यंत्राखाली दहा मिनिटे निजवून उपचार पूर्ण झाल्याचे मानले जाते. मुरगळलेल्या घोट्यावर त्या लहरींचा भरीव लाभ चाचण्यांत दिसलेला नाही, आणि वेदना थांबली म्हणून व्यायाम सोडणाऱ्या रुग्णाला हे कोणी सांगत नाही. उपचार केव्हा थांबवावे, याचा निर्णय सूज पाहून घेणे चुकीचे आहे. दुखावलेल्या पायावर निरोगी पायाइतकाच वेळ डोळे मिटून उभे राहता येते का, आणि एका पायावर उड्या मारताना मनात भीती उरते का, हे पाहिले पाहिजे.