सीएनसीचा फिरता अक्ष शून्यावर आणताना

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसारखं गोल काम सीएनसीवर चारी बाजूंनी कोरायचं तर फिरता अक्ष लागतो. सरळ अक्षाला टोकं असतात. हा फिरतच राहतो, त्यामुळे त्याचा शून्य आपणच ठरवायचा. फिरत्या भागावर पत्र्याची बारीक पट्टी आणि शेजारी प्रॉक्सिमिटी सेन्सर बसवा. पट्टी सापडली की अक्ष थोडा मागे न्यायचा आणि अगदी सावकाश पुन्हा सेन्सरवर आणायचा. दरवेळी त्याच दिशेने हं! नाहीतर अक्ष फिरवणाऱ्या वर्म गिअरमधली ढिलाई शून्यात शिरते. १०० मिमी व्यासावर १ अंशाची चूक म्हणजे कडेला जवळपास ०.८७ मिमी. आपल्याकडे पावसात मध्येच लाईट जाते. ती परत आल्यावर अर्धवट नक्षी पुढे जुळते ती या शून्यामुळेच.