पर्सच्या पोटातलं पाकीट

न्हावा शेवा म्हटलं की डोळ्यांपुढे उभ्या राहतात क्रेन आणि कंटेनरच्या चळती. २६ मे १९८९ रोजी इथलं बंदर सुरू झालं आणि भातशेती, मिठागरं, मासेमारी यांवर जगणाऱ्या या किनाऱ्याचं रूप पालटलं. आता इथे काय मिळत नाही? उरणच्या बाजारात पर्समध्ये ठेवायची तयार पाकिटं हवी तेवढी आहेत. तरीही दिवाळीत मावशीला, वहिनीला, मैत्रिणीला पाकीट हातानेच शिवून द्यावं, असं मला मनापासून वाटतं. मात्र कापडाला कात्री लावण्याआधी ती आपल्या पर्समध्ये काय वागवते, ते नीट पाहून घ्यावं. नाहीतर बाजारातलंच बरं.

पर्समधल्या पाकिटाची खरी आजी म्हणजे चंची. कापडाची लांबट पट्टी, तिला एकाशेजारी एक कप्पे आणि टोकाला बंद. एका कप्प्यात पानं, दुसऱ्यात सुपारी-कात, तिसऱ्यात चुन्याची डबी. गुंडाळी करून बंद आवळला की झालं! ना चेन, ना बटण, तरी काही सांडत नाही. आज चार्जरची वायर, औषधांच्या गोळ्या, लिपस्टिक यांच्यासाठी हीच घडण उत्तम. प्रत्येक कप्पा वस्तूपेक्षा दोन बोटं रुंद ठेवावा आणि वरून झाकण येईल एवढं कापड सोडावं.

पैशांच्या पाकिटाला मात्र मापं चोख हवीत. पाचशेची नोट १५० बाय ६६ मिलिमीटर असते, शंभराची १४२ बाय ६६. नोट न दुमडता राहायची तर पाकीट तयार झाल्यावर १७ बाय १० सेंटिमीटर हवं. चारही बाजूंना एकेक सेंटिमीटर माया धरून तुकडे १९ बाय १२ चे कापावेत, दोन वरच्या कापडाचे आणि दोन अस्तराचे. एटीएम कार्ड साधारण ८.६ बाय ५.४ सेंटिमीटरचं असतं, त्यासाठी अस्तरावर आधीच खिसा शिवून घ्यावा. नंतर ते जमत नाही.

चेन लावताना बहुतेक जणींचा धीर सुटतो. वरचं कापड सुलटं ठेवा, त्यावर चेन उलटी, त्यावर अस्तर उलटं. तिन्हींच्या कडा जुळवून एक टीप मारा. मग दोन्ही कापडं मागे वळवून सुलट्या बाजूने दाबटीप घाला. ती टाळली तर अस्तर चेनच्या दातांत सापडतं. दुसरी बाजूही अशीच. आता चेन अर्धी उघडा, नाहीतर शेवटी पाकीट सुलटं करायला वाटच उरणार नाही. वरचं कापड वरच्याशी आणि अस्तर अस्तराशी जुळवून कडा शिवा, अस्तराच्या तळाशी चार बोटं जागा सोडा. टिपेला धक्का न लावता कोपरे तिरके कापा, पाकीट सुलटं करा आणि ती जागा हाताने शिवून टाका.

समोरच्या घारापुरी बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली ती थेट २०१८ मध्ये. अशा किनाऱ्यावर पायमशीनची किंमत वेगळी सांगायला नको. चेनच्या टोकाशी एकेक टाका जपून घ्यायचा असतो, तिथे मला तीच बरी वाटते.

खाऱ्या हवेचाही विचार हवा. धातूची चेन इथे लवकर अडकू लागते, म्हणून नायलॉनची घ्यावी. मासे विकणाऱ्या बाईच्या नोटांना दिवसभर ओले हात लागतात. तिच्या पाकिटाला मोडक्या छत्रीच्या कापडाचं अस्तर लावावं. या कापडाला पडलेलं भोक बुजत नाही, तेव्हा टाचण्या फक्त मायेत टोचाव्यात आणि गरम इस्त्री दूरच ठेवावी.

वरून खण लावला की पाकिटाला सणाची कळा येते. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या चोळीसाठी येत आला आहे. त्याचे धागे कडेने पटकन सुटतात, म्हणून मागून सुती कापड लावून मगच कापावा. रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून आधीच पाहावं. लाल खणाने एखादीच्या पर्सचं अस्तर रंगवलं, तर भेटीचा आनंद कुठे उरतो? जुन्या पैठणीचा काठ वापरायचा असेल तर घडीवर चिरलेला भाग सोडून द्यावा.

संक्रांतीच्या वाणासाठी एकदम वीस-पंचवीस नग हवे असतील, तर चेनच्या भानगडीत पडू नये. नाडीचा बटवा शिवावा. नेफा दीड सेंटिमीटरचा ठेवावा, दोन नाड्या समोरासमोरच्या बाजूंनी ओवाव्यात, म्हणजे दोन्हीकडून ओढल्यावर तोंड घट्ट मिटतं. सगळे तुकडे आधी कापून ठेवले आणि सरळ टिपा एका दमात मारल्या की काम भराभर उरकतं.