मोटारीत पेट्रोलचा वास येतोय?

मैत्रिणींनो, जुनी फियाट किंवा मारुती सकाळी उघडली की पेट्रोलचा वास येतो ना? ‘जुनी गाडी, वास यायचाच,’ असं म्हणून नुसत्या काचा खाली करू नका. टाकीतली वाफ नेणारी रबरी नळी तडकली असण्याचा संभव असतो. कुकरची रिंग जशी कडक होऊन चिरते, तसंच हे. शिवाय आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते मानवत नाही.

इंजिन गार असताना नळी बोटांनी वाकवून पाहा, भेगा उघड्या पडतात. एक चिरली म्हणजे बाकीच्याही त्याच वयाच्या. सगळ्या एकदम बदला. मेकॅनिकला मात्र ठणकावून सांगा, पाण्याची नळी कापून लावायची नाही! पेट्रोलला टिकणारी, त्याच मापाची नळी हवी, क्लिपाही नव्या. आणि कामाआधी बॅटरीची तार सोडवायची.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते. गाडीच्या शेडशेजारी बंब पेटत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत बंब बंद ठेवा, अन् मुलांना त्या गाडीतून शाळेत धाडू नका.