दोन सुयांचा टाका

शेती खात्याच्या माणसाने बियाणे-खतांवर बोलावे, हा चामड्याच्या पिशवीवर कुठे घसरला, असे तुम्ही म्हणाल. पण त्याला कारण घडले.

एका मे महिन्यात मातीचे नमुने घेऊन मोटारसायकलवरून परतत होतो. वाटेत वळवाच्या पावसाने गाठले. बाजारातून घेतलेल्या माझ्या पिशवीची तळची शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली. पुड्या चिखलात! दोघा शेतकऱ्यांच्या चिठ्ठ्या पुसल्या गेल्या. ऐन पेरणीच्या तोंडावर त्यांची माती पुन्हा घ्यावी लागली. मान खाली घालून गेलो होतो, खोटे कशाला सांगू?

पिशवी गावच्या चर्मकार आबांना दाखवली. ते हसले. "सायेब, मिशीनचा टाका दिसाय देखणा. पर एक धागा तुटला की वळच्या वळ निघून येती."

मशिनीत वरचा धागा वेगळा, खालचा वेगळा. दोन्ही चामड्याच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. वरचा झिजून तुटला की खालच्याला धरायला काही उरत नाही. हाताच्या टाक्यात धागा एकच, पण त्याच्या दोन्ही टोकांना सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. एका बाजूचा पदर तुटला तरी दुसऱ्या बाजूचा शिवण धरून ठेवतो. घोड्याचे खोगीर शिवणाऱ्यांचा हा टाका, म्हणून इंग्रजीत त्याला सॅडल स्टिच म्हणतात.

आबांकडे बसून मी तो शिकलो. घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी नाक मुरडले. ज्यांनी शिवलेल्या मोटेने आपल्या आज्यापणज्याचे मळे भिजले, त्यांच्या कामाला कमी लेखणारे आपण कोण? मी तसे स्पष्ट बोललो. पुढे त्याच गृहस्थांनी चष्म्याचे घर शिवून मागितले, ते असो.

सातबारा आणि पासबुके मावतील एवढी साधी पिशवी प्रथम घ्यावी. चामडे दोन मिलिमीटर जाडीचे पुरे. ते कारागिराकडूनच कापून घ्या आणि त्याचे पैसे द्या. रापी नवशिक्याच्या हातात बोट कापते. दोन्ही तुकडे कडेला सोल्युशनने चिकटवा. काठापासून चार मिलिमीटर आत रेघ ओढून तिच्यावर चार-चार मिलिमीटरवर खुणा करा. त्यासाठी मुलांच्या कंपासपेटीतला कर्कटक चालतो. मग आरीने भोके पाडा. आरी सरळ धरली तरच मागची ओळ सरळ येते. माझी पहिली ओळ मागून बैलाच्या मुतासारखी नागमोडी आली होती!

धागा शिवणीच्या चौपट लांब घेऊन वर दोन हात जास्त ठेवा. मधमाशीच्या मेणावरून तो दोनतीनदा ओढा. सुयांची टोके दगडावर घासून बोथट करा. टोकदार सुई भोकातल्या आधीच्या धाग्यात घुसते आणि मग ना पुढे ना मागे. काम दोन फळ्यांत दाबून गुडघ्यांत धरा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

पहिल्या भोकातून धागा ओवून दोन्ही बाजू सारख्या करा. पुढच्या भोकात आधी डावी सुई घाला. तिचा धागा थोडा आपल्याकडे ओढून धरा आणि त्याच्या पलीकडून, त्याच भोकातून, उजवी सुई आणा. मग दोन्ही धागे एकदम, सारख्याच जोराने ताणा. नवशिके फसतात ते इथेच. एका भोकात डावी आधी, दुसऱ्यात उजवी, असे झाले की टाके वेडेवाकडे पडतात. क्रम एकदा ठरला की शेवटपर्यंत मोडू नये. बोलता बोलता शिवू नये, निदान पहिल्या पिशवीला तरी. जोरही बेताचा असावा, नाहीतर धागा चामडे कापत जातो.

शेवटी तीन भोके उलट शिवून धागा काठाशी कापा. गाठ लागत नाही. भर पट्ट्यावर असतो, म्हणून तिथे चौकोन शिवून आत फुली मारा.

पावसात भिजली तर पिशवी सावलीत वाळवा, चुलीशी नको. चामडे कडक होऊन तडकते. वाळल्यावर एरंडेलाचा हात फिरवा. माझी ती नागमोडी पिशवी अजून मातीचे नमुने वाहते आहे.