सिस्टरची ड्यूटी

२७ नोव्हेंबर १९७३. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली पंचवीस वर्षांची परिचारिका अरुणा शानबाग ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली. तिथेच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. अरुणा त्यातून कधीच सावरली नाही.

त्यानंतर मुंबईच्या परिचारिका संपावर गेल्या. अरुणाची नीट देखभाल व्हावी आणि स्वतःची कामाची परिस्थिती सुधारावी, या दोन्ही मागण्या त्यांनी एकत्रच मांडल्या.

१८ मे २०१५ रोजी अरुणाचे निधन झाले. तोवर जवळपास ४२ वर्षे केईएमच्या सिस्टरांनी तिला भरवले, आंघोळ घातली, कुशीवर वळवले. अंगावर बेडसोर होऊ दिला नाही. तिच्याबरोबर काम केलेल्या सिस्टर निवृत्त झाल्या. नव्याने रुजू झालेल्या मुलींनी तिला आपली मानले. ऐंशीच्या दशकात महापालिकेने तिला दुसरीकडे हलवायचे ठरवले, तेव्हा परिचारिकांनीच तो बेत हाणून पाडला.

लोकांच्या लक्षात हा जिव्हाळा राहिला. संप विसरला गेला.

जगातल्या दर दहा परिचारकांत सुमारे नऊ स्त्रिया आहेत. घरातल्या बाईच्या कष्टांसारखेच या कामालाही ‘सेवा’ म्हटले जाते आणि पगाराची वेळ आली की हात आखडतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे, तर अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात नाइटला एकटी सिस्टर अख्खा वॉर्ड सांभाळताना दिसते.

खासगी रुग्णालयांतल्या तुटपुंज्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने सुचवले, की २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन मिळावे आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी ते दरमहा २०,००० रुपयांखाली नसावे. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली. केरळात परिचारिकांनी दीर्घ लढा दिला, तेव्हा कुठे २०१८ मध्ये वीस हजारांचे किमान वेतन ठरले.

महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका मे २०२२ च्या अखेरीस संपावर गेल्या. त्यांचा मुख्य विरोध बाह्यस्रोतामार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीला होता. केईएममध्ये एका रुग्णाची काळजी एका पिढीच्या हातून दुसरीच्या हाती गेली, कारण त्या सिस्टर वर्षानुवर्षे त्याच रुग्णालयात टिकून होत्या. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरची मुलगी वॉर्ड ओळखीचा होईतो पुढच्या नोकरीचा अर्ज भरत असते.