मेकॅनिकला बोलावण्याआधी...

रविवारची सकाळ, कपड्यांचा हा ढीग आणि मशीनमध्ये पाणीच येईना! टाकी भरलेली, नळही चालू. मेकॅनिक म्हणाला, "ताई, मंगळवारी येतो." सासूबाईंना लगेच धुण्याचा दगड आठवला. म्हटलं, आधी आपणच बघू या!

कोरड्या हातांनी प्लग काढला, नळ बंद केला. मशीनच्या मागे पाण्याचा पाइप जोडलेला असतो, तो फिरवून सोडवला. आत छोटीशी जाळी असते. पक्कडीने हळूच ओढून काढली, तर गाळाने पार बुजलेली! जुन्या टूथब्रशने घासून, धुऊन परत बसवली. पाइप घट्ट केला, नळ सोडला, मशीन लावलं. पाणी धो-धो आलं!

मैत्रिणींनो, कपडे पिळताना मशीन धडधडलं तरी घाबरू नका. जड चादर एका बाजूला गोळा झालेली असते. मशीन थांबवून कपडे सारखे पसरा. जळका वास आला किंवा हाताला झिणझिण्या आल्या, तर मात्र मेन स्विच बंद करा आणि मेकॅनिकलाच बोलवा.

मंगळवारी त्याचा फोन आला. "दादा, झालं दुरुस्त," मी म्हटलं. तोवर सासूबाईंनी सगळ्या आळीला सांगितलं होतं, "आमच्या सुनेनं केलं!"